फोन देवळात, मी चिंचेखाली

२०२३ साली मी एकाहत्तरचा होतो. पोरानं माझा फोन त्याच्या फोनला जोडला. म्हणाला, "अण्णा, नातीचे फोटो आपोआप येतील." आले बी.

महाळुंग्याची जमीन कंपनीला देताना मी भावकीसमोर बोललो होतो, पुन्हा तिकडं बघणार न्हाई. तरी भैरोबाच्या देवळात जातो सांगून रोज कंपनीच्या भिंतीबाहेर, आमच्या जुन्या चिंचेखाली बसायचो.

एकदा जेवताना पोरगा सगळ्यांसमोर म्हणाला, "अण्णा, भैरोबाला कंपनीत नोकरी लागली का? माझा फोन रोज तुम्हाला तिथंच दाखवतोय." सून हसली. फोटोंच्या नावाखाली पोटच्या पोरानं माझ्यामागं पहारा लावला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन भैरोबापुढं ठेवला आणि चिंचेखाली जाऊन बसलो.