तोफेच्या करारातली भिंत

अकरा सप्टेंबर. दोन खोल्यांच्या त्या भाड्याच्या घरात चार जीव होते: हॉकी संघाचा दुसरा गोलरक्षक, त्याची बायको, शाळेत जाणारी मुलगी आणि त्याचे वडील. चौघांचेही पोट मुख्यतः एकाच शरीराच्या भरवशावर चालत होते, आणि ते शरीर त्या दुपारी क्लबच्या कचेरीबाहेरच्या बाकावर बसून होते.

बाकाची त्याला सवय होती. राखीव खेळाडूचे आयुष्य बाकावरच जाते. पहिला गोलरक्षक निदान तापाने तरी पडावा, असा विचार कधी मनात डोकावलाच तर तो स्वतःला दटावत असे, इतका तो सरळ होता. संघात त्याला 'भिंत' म्हणत. हे कौतुक की चेष्टा, ते म्हणणाऱ्याच्या सुरावर अवलंबून असे.

आत चाललेली बोलणी त्याची नव्हती, 'तोफे'ची होती. तोफ हा संघाचा हुकमी खेळाडू. पेनल्टी कॉर्नर मिळाला की मैदानाच्या मागच्या रेषेवरून चेंडू त्याच्याकडे येई, कमरेत वाकून तो चेंडू स्टिकने ओढत नेई आणि असा भिरकावी की गोलरक्षकाला तो दिसण्याआधी मागच्या फळीवर आदळलेला ऐकू येई. तिकिटे त्याच्या नावावर खपत, प्रायोजकाच्या जाहिरातीत चेहरा त्याचा असे. त्याचा करार संपला होता आणि दुसऱ्या एका संघाने त्याला निरोप धाडला होता. तोफ गेली तर प्रायोजक जाणार, प्रायोजक गेला की खर्चाला कात्री लागणार, आणि ती कात्री कुणापासून सुरू होईल हे भिंतीला कुणी सांगण्याची गरज नव्हती. त्याला करार असा नव्हताच. दर हंगामाच्या तोंडावर व्यवस्थापक "या वर्षी आहेस रे तू" म्हणे, आणि मैदानावर जितके दिवस हजेरी लागे तितक्या दिवसांचे पैसे हातात पडत.

तरीही तोफेचे आणि त्याचे सूत जमले होते. दोघे एकाच वर्षी संघात आले होते. संघाचा सकाळचा सराव आटोपून बाकीचे अंघोळीला गेले की तोफ आपले फटके घोटत बसे आणि भिंत गोलात उभी राही. या कामाला काम म्हणण्याची पद्धत नव्हती. संघाच्या बोलीत ते नुसते 'उभं राहणं' होते. "उभा राहतोस का रे?" असे तोफेने विचारायचे आणि "राहतो की" असे याने म्हणायचे. मांडी काळीनिळी पडली, बोट सुजले, की तो हात वर करून "बस आज" म्हणे, आणि तोफ त्या क्षणी स्टिक खांद्यावर टाके. त्या मैत्रीचा सारा कायदा 'बस आज' या दोन शब्दांत मावत होता, आणि तो कुठेही लिहिलेला नसल्यामुळेच पाळला जात होता.

कचेरीचे दार अर्धवट उघडे होते. आत क्लबचे सचिव, क्लबचा वकील, तोफ आणि तोफेचा मामा बसले होते. मामाचा जुन्या मोटारी विकण्याचा धंदा होता, आणि बोलणी त्याच्याकडे सोपवण्यामागचे कारणही तेच होते. दोन हंगामांची रक्कम ठरली होती. घोडे अडले होते ते तिसऱ्या हंगामावर. सभासदांना काय तोंड दाखवू, असे सचिव विचारत होते. तोंड दाखवायचे तर मैदानावर प्रेक्षक हवेत ना, असे मामा सुनावत होता. वकील पेनाचे टोपण उघडून पुन्हा लावत होता. तोफ गप्प होता. आपल्या किमतीविषयी इतरांनी भांडावे आणि आपण खिडकीबाहेर पाहावे, हे त्याला आता चांगले जमू लागले होते.

मग बोलणे थांबले. ती शांतता बाकावरच्या भिंतीपर्यंत आली. त्याने मान वर केली तेव्हा दाराच्या फटीतून मामा त्याच्याकडेच पाहत होता, एखाद्या गाडीच्या टायरकडे पाहावे तसा.

"रकमेत तुम्ही वर सरकत नाही, ठीक आहे," मामा सचिवांना म्हणाला. "मग सोय तरी द्या. त्या दुसऱ्या संघाचे लोक आमच्या पोराला रोज सकाळी सरावाला जिवंत गोलरक्षक देतायत. हक्काचा."

सचिवांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. ज्या गोष्टीसाठी क्लबला दमडीही पडत नव्हती तिचा असा भाव येईल, याची त्यांना कल्पना नव्हती. त्यांनी भिंतीला आत बोलावले आणि खुर्ची पुढे केली. "बसा," ते म्हणाले. त्या खोलीत त्याला आजवर कुणी अहो-जाहो केले नव्हते.

"रोज सकाळी यांच्यासमोर उभे राहाल ना?"

"राहतोच की, साहेब."

"म्हणजे तुमची हरकत नाही."

"हरकत कसली?"

वकिलाने लिहिले आणि वाचून दाखवले: संघ खेळाडूस करार संपेपर्यंत दररोज सकाळी शंभर फटक्यांच्या सरावासाठी गोलरक्षक उपलब्ध करून देईल. तिसरा हंगाम सचिवांच्या आकड्यावर मिटला. मामाने तोफेच्या पाठीवर थाप मारली, मग हात उचललेलाच होता म्हणून भिंतीच्याही पाठीवर मारली.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा बायको शिलाई मशीनवर कुणाच्या तरी पँटची उंची कमी करत होती. तोफ राहिली, हे त्याने दारातूनच सांगितले. नंतर, जरा थांबून, खरी बातमी सांगितली. "माझंही करारात आलंय."

"नाव घातलं?" वडिलांनी विचारले.

"नाव नाही, गोलरक्षक म्हटलंय. पण रोज सकाळी दुसरं कोण उभं राहतं? मीच ना."

बायकोने मशीनचे चाक हाताने थांबवले. "सह्या कुणाकुणाच्या झाल्या?"

"त्याची, सचिवांची. साक्षीला मामा."

"आणि तुमची?"

"माझी कशाला?"

"अगं, गोलाच्या खांबाची कुणी सही घेतं का?" वडील म्हणाले, आणि आपल्याच विनोदावर हसले. दुसरे कुणी हसले नाही. तेव्हा तेही थांबले.

त्याची चूक इतकीच होती, आणि ती त्याच्यासारख्याच माणसाच्या हातून होऊ शकते. करार म्हणजे छप्पर, त्याखाली जो जो येईल त्याच्या डोक्यावर ते असणार, असे तो धरून चालला होता. तो राहत होता त्या खोल्यांच्या भाडेकरारात एक पंखा आणि एक खाट यांचीही नोंद होती. पंखा आणि खाट त्या कराराचे पक्ष नव्हते. हे त्याला ठाऊक होते. फक्त स्वतःला त्या रांगेत उभे करून पाहणे त्याला सुचले नाही. आठ वर्षांत पहिल्यांदा कुणी त्याला खुर्ची दिली होती.

हंगाम सुरू झाला. सकाळच्या सरावाला आता साहाय्यक प्रशिक्षक गळ्यात शिट्टी अडकवून हजर राहू लागला, कारण कलम पाळले जाते की नाही हे पाहणे क्लबला भाग होते. करारात तोफेला प्रत्येक गोलामागे वेगळा मेहनतानाही ठरला होता. त्यामुळे त्याने खालचे फटके सोडून अडवायला अवघड असे वरचे घोटायला घेतले, खांद्याच्या आणि डोक्याच्या उंचीचे. पूर्वी दोन फटक्यांच्या मध्ये तो काहीबाही बोलत असे. आता बोलण्यात वेळ जातो म्हणून तेही बंद झाले.

एका सकाळी मनगट लचकले तेव्हा भिंतीने हात वर केला. "बस आज."

तोफेने सवयीने स्टिक उचलली आणि मग साहाय्यकाकडे पाहिले. साहाय्यकाने नकारार्थी मान हलवली. शंभरातले काही अजून बाकी होते.

"उरकून टाकू रे," तोफ म्हणाला. आवाजात मैत्री होती, पण ती आता परवानगी विचारत होती, आणि भिंतीला नव्हे.

त्या दिवशी त्याने उरकले. नंतर कित्येक आठवडे तो ते दोन शब्द बोललाच नाही. अंगावरचे डाग तो बायकोपासून लपवी. तीही ते पाहिले नाहीत असे दाखवी. पण छातीच्या रक्षकाचा उसवलेला पट्टा शिवताना एकदा तिने त्याचे हेल्मेट हातात घेतले. तोंडासमोरच्या जाळीची एक सळई आत दबली होती. तिने त्या जागेवरून अंगठा फिरवला.

"हे बदलून मागा."

"मागितलंय. पुढच्या खरेदीत बघू म्हणाले."

"पुढची खरेदी कधी?"

"देतील गं. करारात आहोत आपण."

 'आपण' हा शब्द तिला खुपला असावा, कारण पट्ट्याला तिने गरजेपेक्षा जास्त टाके घातले. सळई तिच्या सुईच्या आवाक्यातली नव्हती.

थंडीतली एक सकाळ. टर्फवर पाणी मारलेले होते आणि चेंडू नेहमीपेक्षा वेगाने सुटत होता. सराव संपत आला असताना एक फटका हेल्मेटच्या जाळीवर बसला. भिंतीने हेल्मेट चाचपले. सळई आणखी आत आली होती, थेट डाव्या डोळ्यासमोर. त्याने हात वर केला.

"बस आज."

तोफ वाकलेला होता. त्याने वर पाहिले नाही. "शेवटचे दोन," तो म्हणाला.

यावेळी फळीचा आवाज आला नाही.

डावा डोळा वाचला नाही. त्यानंतरची बोलणी फार दिवस चालली, पण या खेपेला बाकावर त्याची बायको बसत असे आणि दार पूर्ण बंद असे. सचिवांनी कानांवर हात ठेवले: कलम क्लब आणि खेळाडू यांच्यातले आहे, त्यात या गृहस्थांना क्लब काही देणे लागतो असे कुठे म्हटले आहे ते दाखवा. विमा करारबद्ध खेळाडूंचा होता. मामा म्हणाला, गोलरक्षक पुरवण्याची जबाबदारी क्लबची, आमची नव्हे. दोघांच्या म्हणण्यात कायद्याच्या दृष्टीने तसूभरही खोटे नव्हते. एखाद्या व्यवस्थेतले सगळे खरे बोलत असतात आणि तरीही एका माणसाचा डोळा जातो, तेव्हा दोष कुठे शोधायचा हे आपण अजून शिकलेलो नाही.

तोफ एकदा भेटायला आला. स्टुलावर बसला, फळांची पिशवी मांडीवरच राहिली.

"मीच मामाला म्हटलं होतं, याचं काहीतरी बघ म्हणून," तो म्हणाला. "म्हणून तर ते कलम आलं."

भिंतीने त्याच्याकडे पाहण्यासाठी मान पूर्ण वळवली. आता तशी वळवावी लागत होती.

"त्या दिवशी एक राहिला होता ना रे?"

"काय?"

"फटका."

तोफ पिशवीची गाठ सोडू लागला. "दुसऱ्या दिवशी पूर्ण केला."

"उभं कोण राहिलं?"

"नवा आणलाय." मग, गाठ पुन्हा बांधत, "कलम आहे ना," तो म्हणाला.

स्वयंपाकघरात मशीन चालू होते, ते त्या क्षणी थांबले.  भिंतीच्या मनात एकच प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर तोफेपाशी नव्हते: त्या नव्याला 'बस आज' कुणी शिकवले असेल का?

तिन्ही हंगामांची रक्कम तोफेला ठरल्या तारखांना मिळाली. शस्त्रक्रियेचा खर्च, त्या सकाळच्या हजेरीचे पैसे आणि डाव्या डोळ्याची भरपाई अजून कुणीही दिलेली नाही.