पेंढ्यात पिकलेलं हृदय

मुलीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. तिचा विषय, शरीर आपले नाजूक अवयव कसे जपतं. यंदा तालुक्याला निवड व्हायलाच हवी, असं तिने ठरवलं होतं. गेल्या वर्षी माझ्या मदतीमुळे तिचा ज्वालामुखी पेटलाच नव्हता. तरी मी पुन्हा पुढे सरसावलो. बापांना लाज नसते.

तलासरीला माझ्या कचेरीत झरी गावचे एक सहकारी आहेत. त्यांनी बांबूच्या कामट्या दिल्या, त्या वाकवून मी फासळ्या केल्या. मेंदूसाठी नारळाची करवंटी. हृदय म्हणून घोलवडच्या सासऱ्यांच्या वाडीतला दगडासारखा कडक चिकू. इथेच थांबलो असतो तर! पण प्रदर्शनाला अजून पाच दिवस होते. हृदयाला धक्का लागू नये म्हणून मी त्या पिंजऱ्यात भाताचा पेंढा ठासून भरला, वरून गोणपाट गुंडाळलं आणि सगळं माळ्यावर ठेवलं.

प्रदर्शनाच्या सकाळी गोणपाट सोडलं, तर हृदय फासळ्यांतून ओघळत होतं. मुंग्या आधीच पोचल्या होत्या.

"अहो, चिकू पिकवायला पेंढ्यातच घालतात!" बायको हसून हसून भिंतीला टेकली. "वीस वर्षं घोलवडचे जावई आहात ना?"

"माहितीये गं. पण मी त्याला चिकू समजतच नव्हतो."

मुलगी मात्र हसली नाही. डोळे भरून आले होते तिचे. मग बाजारात कलिंगड निरखावं तसं तिने मला निरखलं.

"बाबा, शर्ट काढा."

अकरा वाजता मी शाळेच्या हॉलमध्ये बनियनवर उभा. बनियनवर स्केचपेनने काढलेल्या फासळ्या, टकलावर दोऱ्याने बांधलेली करवंटी. परीक्षक बाईंनी पट्टी माझ्या पोटावर टेकवली.

"फासळ्या तर वरच संपल्या. मग इथलं काय जपतं?"

"पोटाचे स्नायू, मॅडम, आणि त्यावर चरबी," मुलगी म्हणाली. "बाबांचे स्नायू दिसणार नाहीत. पण चरबी बघा ना, किती आहे!"

बाईंनी पट्टी दाबून खात्री केली. मी श्वास रोखून पोट आत घ्यायला गेलो, तर मुलीने कोपराने ढोसलं. "सोडा बाबा, मार्क जातील!"

सोडलं. निवड झाली.

"तालुक्याला अगदी असंच आणायचं हं," बाई जाताना म्हणाल्या, "यातलं काही कमी करू नकोस."

दुपारी जेवताना माझ्या भातावर मुलीने स्वतः तूप वाढलं. तेही दोनदा.