नोंदीत नसलेले वीस बिल्ले

दुष्काळातला तो सोमवार मी विसरलेलो नाही. विसरण्याचा प्रयत्न मात्र भरपूर केला.

जालना रोडवरच्या ठाण्यात मी प्रभारी निरीक्षक होतो. एकीकडे शहर प्लॉट पाडत करमाडच्या दिशेने सरकत होते, दुसरीकडे विहिरींनी तळ गाठला होता. करमाडच्या पुढे जनावरांची छावणी उघडली होती. आलेल्या प्रत्येक जनावराच्या कानात क्रमांकाचा पिवळा बिल्ला मारायचा आणि संध्याकाळी तो क्रमांक मालकाच्या नावासह संगणकात चढवायचा, अशी तिथली पद्धत होती.

पिशोरकडची एक विधवा बाई फिर्याद घेऊन आली. पूर्वी मेंढरे राखणारे घर, आता गुरे आणि थोडे रान. तिची आठ जनावरे तिच्या दिराने चालवत छावणीत आणली होती आणि तो मुकुंदवाडीला, बांधकामाच्या कामावर निघून गेला होता. दोन दिवसांनी बाई एसटीने आली, तर दावणीला सहाच. बैलजोडी गायब.

छावणीच्या कारकुनाने मला बाजूला घेतले. "साहेब, आमच्या कॉम्प्युटरात सहाच हायेत. दिरानं वाटंतच जोडी काढली आसंल."

मला ते लगेच पटले. गुरांचा चोर घराच्या उंबऱ्याआत सापडतो, हा माझा बऱ्याच वर्षांचा अनुभव. शनिवारी दिराला अटक केली आणि कोर्टाकडून पाच दिवसांची पोलीस कोठडी घेतली. चौकशीत त्याचे एकच पालुपद. "आठ आणले व्हते साहेब. आठांच्या बी कानात बिल्ले मारले. म्या सोता कान धरले व्हते."

आता माझ्या उपनिरीक्षकाबद्दल सांगतो. तो स्पर्धा परीक्षेतून थेट आलेला, शहरातल्या शिकल्या-सवरल्या घरातला, इंजिनिअर. मी शिपाई म्हणून भरती होऊन एकेक पायरी चढलेला. अधीक्षक साहेब बैठकीत त्याचे नाव घेऊन विचारायचे, माझे नाव यादीतून वाचायचे. माझे हवालदार, ज्यांना मी जबाब लिहायला शिकवले, ते आता त्याच्या टेबलाभोवती जमायचे. माझा जळफळाट व्हायचा. जिल्ह्यात पाणी नव्हते, तरी त्या पोराला मी पाण्यात पाहत होतो.

सोमवारी सकाळी तो एक कागद घेऊन आला. छावणीच्या नोंदींची प्रत त्याने रीतसर मिळवली होती. "सर, बिल्ले एक ते नऊशे वाटलेत. मी संगणकाला एवढंच विचारलं, की यातले कोणते क्रमांक कुणाच्याच नावावर नाहीत? वीस निघाले. बाईंच्या सहा जनावरांचे क्रमांक चारशे तेरा ते चारशे वीस, पण मधले सोळा आणि सतरा नोंदीतच नाहीत. एकदा पाहाल का?"

ठाणे अंमलदार कौतुकाने त्याच्याकडे पाहत होता. तेच मला खुपले. मी म्हणालो, "गुन्हे बटणं दाबून उघडत नसतात. ठेवा तिथं." त्याची पाठ वळताच कागद ड्रॉवरमध्ये टाकला. मंगळवारी त्याने पुन्हा आठवण केली. मी ऐकले न ऐकलेसे केले.

बुधवारी सकाळी बाई भाकरी घेऊन आली. तोवर तिने एकदाही दिरावर संशय घेतला नव्हता. लहानपणापासून तिनेच त्याला वाढवले होते. त्या दिवशी मात्र गजांपाशी उभी राहून तिने हळूच विचारले, "खरं सांग रं. तूच इकली का जोडी?"

भाकरीचे गाठोडे त्याने गजांतून तिच्याकडे परत सरकवले आणि भिंतीकडे तोंड करून बसला. आरोपी रडतात, शपथा घेतात, पाया पडतात. ते सगळे मला ओळखता येते. हे तसे नव्हते. मी खोलीत गेलो आणि ड्रॉवर उघडला.

वीस क्रमांक. मी शेतकऱ्याच्या घरचा. दोन मिनिटांत जे दिसायचे ते दिसले. चारशे सोळा-सतरा. एकाहत्तर-बहात्तर. दोनशे पाच-सहा. सगळे लागोपाठचे, दोन-दोन. जोडीतले बैल रांगेतही एकमेकांना सोडत नाहीत, म्हणून त्यांचे बिल्लेही लागोपाठ लागतात. आणि बाजारात चोराला भाव मिळतो तो जोडीचाच. उपनिरीक्षकाने क्रमांक शोधले होते, पण जोडी त्याच्या लक्षात आली नव्हती. सोमवारी मी नुसता कागद हातात घेतला असता तरी काम झाले असते.

कारकुनाला उचलून आणले. तो म्हणाला, "ते बिल्ले खराब निघाले साहेब. फेकून देले."

"खराब बिल्ले जोडीजोडीनं कसे निघाले रे?" मी विचारले.

त्याने दोनदा पाणी मागितले आणि मग बोलू लागला. ज्यांना वाचता येत नाही किंवा ज्यांचे माणूस जनावरे सोडून लगेच परत जाते, त्यांची जोडी तो हेरायचा. बिल्ला मारायचा, नोंद करायची नाही आणि शेजारच्या गावातल्या एका गोठ्यात जोडी दडवून ठेवायचा. पंचांना घेऊन आम्ही गोठ्यावर गेलो. शेण ओले होते, खुंटे रिकामे होते. बाईची जोडी मंगळवारच्या बाजारात परमुलखातल्या व्यापाऱ्याला विकली गेली होती. पुढे चार जोड्या हस्तगत झाल्या. त्यांत तिची नव्हती.

कोर्टात अहवाल देऊन दिराला सोडवले. क्रमांकांच्या कागदावरून चोरी कशी उघडली, ते बाईला सांगितले. बाईने मला विचारले, "आमची जोडी कवा इकली साहेब?"

"मंगळवारी."

"आन् तुम्हाला त्यो कागद कवा घावला?"

उपनिरीक्षक माझ्या शेजारीच उभा होता. मी म्हणालो, "बुधवारी."

बाई म्हणाली, "एका दिसानं हुकलं म्हनायचं. तुमी तरी काय करनार! तुमच्यामुळं माझ्या घरावरला डाग गेला." आणि ती माझ्या पाया पडली. मी पडू दिले. दीर तिच्यासाठी थांबला नाही. तो एकटाच मुकुंदवाडीच्या रस्त्याला लागला.

त्या तपासाचे प्रशस्तिपत्रक माझ्या नावाने आले. उपनिरीक्षकाने माझे अभिनंदन केले, मनापासून केले, आणि त्याबद्दलही मला त्याचा रागच आला. मत्सर गुन्ह्याच्या कलमात बसत नाही, त्याला कोठडी नाही, हे मी या प्रकरणात शिकलो. म्हणून आज इथे जबाब देतो आहे: बाई, कागद मला सोमवारीच मिळाला होता.