चुकीच्या जागी तोडलेला शब्द

वसुधाताई गेल्याचं कळलं तेव्हा मी जपानमधल्या त्सुकुबा स्टेशनबाहेर सायकल लावत होते. त्यांची मुलगी सई फोनवर "मावशी, आई गेली..." एवढंच मराठीत म्हणाली, पुढचं सगळं जपानीत. सकाळी, स्वयंपाकघरात, हृदयविकाराचा झटका. शेवटी तिनं पुन्हा मराठीत विचारलं, "एरिक-सानना कोण सांगणार?"

ताई पुण्याच्या. नॉर्वेत पीएच.डी. करून इथल्या संस्थेत त्या संगणकाला नॉर्वेजियन मोठ्यानं वाचायला शिकवत. त्या भाषेत शब्दाला शब्द चिकटवून लांबलचक शब्द होतात. सांधा ओळखता आला नाही, तर उच्चार चुकतो आणि अर्थही. एरिक-सान इथल्या वृद्धाश्रमातले. तरुणपणी नॉर्वेहून आले, गॅरेज चालवलं, जपानी बायको केली, तीही गेली. पक्षाघातानंतर त्यांचं जपानी पुसलं गेलं, आणि नॉर्वेजियन बोलायला समोर कुणी नव्हतं. ते गप्पच झाले. ताई रविवारी जाऊन त्यांना वाचून दाखवायच्या. "भिंतीला ऐकवल्यासारखं वाटतं गं," म्हणायच्या.

एकदा 'बीलदेलर' हा शब्द आला. 'बील' म्हणजे मोटार, 'देलर' म्हणजे भाग. ताईंनी घाईत तो 'बिल्दे-लेर' असा तोडला. म्हणजे जवळजवळ 'चित्र हसतंय'! म्हातारा ताडकन म्हणाला, "बील-देलर!" कित्येक महिन्यांतला पहिला शब्द... "अगं, ओरडले माझ्यावर!" सांगताना ताईंचे डोळे भरून आले होते. त्यानंतर त्या मुद्दाम चुकायला लागल्या.

मी आणि सई एरिक-सानकडे गेलो. निरोपाचं वाक्य सईनं नॉर्वेजियनमध्ये पाठ केलं होतं, पण ते तोंडातून फुटेना. तिनं मोबाइल काढून टेबलावर ठेवला. जाता येणार नाही अशा रविवारांसाठी ताईंनी वाचन रेकॉर्ड करून ठेवलं होतं. आवाज सुरू झाला. मध्येच एक शब्द भलतीकडे तुटला, आणि शांतता... एरिक-साननी तो नीट जोडून म्हटला. क्षणभरानं मोबाइलमधून ताई म्हणाल्या, "या... रिक्तिग." हो, बरोबर. मी दाराकडे वळून पाहिलं.

सईनं आवाज बंद केला आणि ते वाक्य एकदाचं बोलली. 'गेली'साठीचा नॉर्वेजियन शब्द कसा म्हणायचा, ते एरिक-साननी तिला हळूच म्हणून दाखवलं. सईनं ओठ गोल केले आणि पुन्हा म्हटला.

आता रविवारी सई जाते. मोबाइल मधोमध ठेवून दोघं आईच्या चुकांची वाट बघत बसतात.