जलपूजनाचा नारळ

स्टीपलचेस म्हणजे काय, हे मी वडिलांना अकरा वर्षं समजावून सांगत होतो. तीन हजार मीटर पळायचं. वाटेत अठ्ठावीस वेळा कमरेपर्यंतच्या लाकडी अडसरावरून उडी मारायची. हा अडसर साध्या हर्डलसारखा पाय लागला की पडत नाही; पडतो तो धावणारा. शिवाय सात वेळा असा अडसर येतो की त्याच्या पलीकडे जमीन नसते, पाण्याचा खड्डा असतो. अडसरावर पाय द्यायचा, झेप घ्यायची, खड्ड्याच्या उथळ टोकाला उतरायचं आणि भिजल्या बुटांनी पुढे पळायचं.

अमरावतीच्या बाजारात आमचं फुलांचं दुकान आहे आणि गावाबाहेर झेंडू-शेवंतीचं शेत. वडील हार ओवता ओवता हे सगळं ऐकून घ्यायचे आणि शेवटी विचारायचे, "बाजूनं रस्ता नसते काय?"

"असतो."

"मंग?"

या प्रश्नाला उत्तर नाही. जागतिक पातळीवरही नसावं.

मी या प्रकारात शिरलो तो गुणवत्तेमुळे नव्हे. कॉलेजात मी पाच हजार मीटर पळायचो आणि नेमाने सहावा यायचो. आमच्या प्रशिक्षकांनी, म्हणजे सरांनी, एकदा मला बाजूला घेऊन सांगितलं, "हे पाह्य, तू काही जोरात पळत नाईस. पण तू पडतही नाईस. अशा माणसाले एक जागा हाय." स्टीपलचेसला जिल्ह्यात आम्ही तिघेच होतो. त्यातल्या एकाला पाण्याची भीती वाटायची आणि दुसरा लग्नानंतर सरावाला यायचा बंद झाला. अशा रीतीने मी जिल्ह्याचा विजेता झालो. मग विभागाचा झालो. राज्य स्पर्धेत दुसरा, तिसरा, पुन्हा दुसरा आलो आणि एका सरकारी खात्यात खेळाडूंच्या जागेवर चिकटलो. पळणं हाच माझा व्यवसाय झाला. सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास धावायचं, मधल्या वेळेत कार्यालयात दिसायचं, असं माझं काम होतं. दिसण्याच्या कामात माझ्यापेक्षा अनुभवी लोक तिथे बरेच होते, त्यामुळे माझी कुणाला अडचण झाली नाही.

अडचण झाली ती एकतिसाव्या वर्षी. नवे साहेब आले आणि त्यांनी नियम वाचला. खात्यात नियम वाचणारा अधिकारी येणं ही दुर्मीळ घटना आहे, पण घडली खरी. नियम असा की राज्य स्पर्धेत पहिल्या तिघांत आलात तरच खेळाच्या संघात राहाल. नाहीतर सरावाची सवलत बंद, पूर्णवेळ टेबलावर. मागच्या वर्षी मी पाचवा आलो होतो. साहेब म्हणाले, "या वर्षी एक संधी देतो. नाही जमलं तर आवक-जावक विभागात जागा रिकामी आहे." आवक-जावक म्हणजे आलेल्या कागदावर एक शिक्का आणि जाणाऱ्या कागदावर दुसरा. माझ्या पायांना त्या टेबलाखाली काय काम असणार, हे मला कळेना.

त्या वर्षीची राज्य स्पर्धा अकोल्याला होती. आयोजकांपैकी एक जण माझ्या ओळखीचे. त्यांनी हारांचं काम आमच्या दुकानाला दिलं. पाहुण्यांसाठी सतरा हार, पुष्पगुच्छ वेगळे, आणि एक नारळ. हे सगळं घेऊन वडील स्वतः टेम्पोतून आले. अकरा वर्षांत माझी शर्यत पाहायला ते पहिल्यांदा येत होते, तेही झेंडूमुळे.

अकोल्याच्या त्या मैदानावर पाण्याचा खड्डा नव्हता. तो स्पर्धेसाठी नव्याने खणला होता. काळी माती पाणी पिऊन टाकते, म्हणून आत शेततळ्याला अंथरतात तो जाड प्लास्टिकचा कागद टाकला होता आणि सकाळी टँकर रिकामा केला होता. काम चांगलं झालं होतं. मी बोट बुडवून पाहिलं, कागदाला हात लावून पाहिला, मनातल्या मनात उतरायची जागा ठरवली. मधोमध. मधला रस्ता सगळ्यात जवळचा.

प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले. तोवर आम्ही चौदा धावपटूंनी तीनदा अंग गरम केलं आणि तीनदा गार होऊ दिलं. मंच नेमका पाण्याच्या खड्ड्याशेजारी होता, कारण फोटो चांगले येतील असं कुणीतरी सुचवलं होतं. पाहुण्यांनी भाषणात सांगितलं की हा खेळ मुळात घोड्यांचा होता हे त्यांनी गाडीत येता येता मोबाईलवर वाचलं, आणि आपल्या वऱ्हाडातली पोरं घोड्यांपेक्षा कुठेही कमी नाहीत. टाळ्या पडल्या. मी घोड्याच्या बाजूने विचार केला आणि बुटांच्या लेस आवळल्या.

वडील मंचामागे रिकाम्या टोपल्या आवरत होते. सत्कारांचं त्यांना आयुष्यभराचं ज्ञान आहे. भाषण किती लांबलं हे ते घड्याळात बघत नाहीत, हाराकडे बघतात. "शेवंती मान टाकून राहिली," ते मला म्हणाले. "आता संपते."

संपलं नाही. निवेदकाचं लक्ष खड्ड्याकडे गेलं. आमच्याकडे गुडघाभर पाणी साचलेलं दिसलं आणि जवळ एखादा पुढारी उभा असला, तर त्या पाण्याचं पूजन झाल्याशिवाय राहत नाही. धरण असो, बंधारा असो की नाला. निवेदकाने जाहीर केलं, "आता मान्यवरांच्या शुभहस्ते जलपूजन!" कुणालाही यात काही वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही वाटलं नाही. पाहुणे अडसराजवळ गेले, हळद-कुंकू वाहिलं, ओंजळभर झेंडू सोडला आणि मग आमच्या दुकानातला तो नारळ दोन्ही हातांनी पाण्यात सोडला. फोटो निघाले. नारळ डुलत डुलत उथळ टोकाकडे गेला आणि बरोबर मधोमध थांबला.

मी खड्ड्यावरच्या पंचांकडे गेलो. पिवळी टोपी घातलेले वयस्कर गृहस्थ होते.

"सर, नारळ काढा ना."

"काढू ना. सायेब गेले की काढू."

"साहेब कधी जातील?"

पंचांनी मंचाकडे पाहिलं. पाहुणे सोफ्यावर रेलून बसले होते आणि त्यांच्यासमोर चहा येत होता. "आज बसतील असं दिसते," पंच म्हणाले. "बाप्पा, त्यायच्या डोयासमोर त्यायचाच नारळ उचलू काय मी? पूजेचा हाय तो. तू बाजूनं उतर."

उद्घाटन झाल्या झाल्या निघून जाणं हा पाहुण्यांचा एकमेव चांगला गुण असतो. नेमका त्या दिवशी त्यांना खेळात रस वाटला.

शर्यत सुरू झाली. पहिल्या फेरीतच सगळ्यांना नारळ दिसला आणि सगळ्यांनी आपापली सोय केली. मी डावी कड धरली. दर उडीला पाणी उसळायचं, नारळ जरा फिरायचा आणि पुन्हा मध्यावर यायचा. वडील खड्ड्याजवळच्या दोरीला धरून उभे होते. तिसऱ्या फेरीला मी खड्ड्यातून बाहेर पडलो तेव्हा त्यांचं तोंड उघडं होतं. चौथ्या फेरीला त्यांचा आवाज आला, "नारळ पाह्य रे! नारळ पाह्य!" अकरा वर्षांत शर्यतीबद्दल त्यांनी दिलेली ही पहिली सूचना.

सगळ्यात पुढे तेल्हाऱ्याचा एक एकवीस वर्षांचा पोट्टा होता. घरचं कापसाचं शेत, आणि पाय असे की अडसर त्यांच्या मापानं नंतर बनवलेत असं वाटावं. त्याच्यामागे दोघे, आणि चौथा मी. मला एक जागा हवी होती आणि ती कुठून येणार ते दिसत नव्हतं.

ती पाचव्या उडीला आली. तेल्हाऱ्याच्या त्या मुलाची टाच नारळावर पडली आणि तो आडवा पाण्यात गेला. आम्ही तिघे त्याच्या बाजूने निघून गेलो. मी तिसरा. त्या क्षणी मला आनंद झाला. तो लपवता आला असता, पण आवक-जावकचं टेबल डोळ्यांसमोर असलेल्या माणसाकडून फार उदात्तपणाची अपेक्षा करू नये. मी पळता पळता त्या नारळाला मनापासून नमस्कार केला. दोन फेऱ्या उरल्या होत्या. नारळ आता माझ्या संघात होता.

मैदानाच्या पलीकडच्या बाजूला पोचलो आणि सहज इकडे नजर टाकली, तर माझे वडील खड्ड्यात उभे.

पुढचं मला नंतर पंचांनी सांगितलं. वडिलांनी चपला काढल्या, पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि दोरीखालून वाकून सरळ पाण्यात उतरले. दोन कार्यकर्ते धावत आले.

"ओ काका! काय करून राहिले? सायेबाचा नारळ हाय तो!"

"सायेबाचा काहून? माह्या दुकानातला हाय."

"पूजेचा हाय ना पण!"

"पूजा झाली ना? का अजून चालूच हाय?" वडिलांनी नारळ उचलून शर्टाला पुसला आणि मंचाकडे वळले. "सायेब, देवाचं देवाले पोचलं. आता या पोट्ट्यायच्या पायाची पाळी हाय. नेतो मी."

पाहुण्यांनी कप खाली ठेवला. मग त्यांनी हात वर केला, आशीर्वाद देतात तसा. निवेदक अशाच प्रसंगांसाठी जन्माला आलेला होता. त्याने लगेच जाहीर केलं की मान्यवरांच्या सूचनेवरून, खेळाडूंच्या सुरक्षिततेसाठी, खड्ड्यातील नारळ तातडीने हटवण्यात येत आहे. हे मात्र मी पळता पळता माझ्या कानांनी ऐकलं.

म्हणजे नारळ गेला, हे मला माहीत होतं. माझ्या पायांना मात्र कुणी कळवलं नव्हतं. सहाव्या उडीला मी अडसरावर चढलो आणि डावीकडेच उतरलो. आपण असं का केलं, याचा विचार करत पुढची अर्धी फेरी गेली. मागून ओल्या बुटांचा पचपच आवाज येत होता. तेल्हाऱ्याचा मुलगा उठला होता आणि येत होता.

शेवटच्या उडीला मी स्वतःला बजावलं, मधून जायचं. अडसरावर पाय टाकेपर्यंत माझा निश्चय कायम होता. मग मी डावीकडे उतरलो. तो मधून गेला, बरोबर जिथे नारळ होता तिथून, जणू आयुष्यात कधी पडलाच नव्हता. त्या तिरक्या उडीत माझी दोन पावलं जास्त पडली असतील. शेवटच्या रेषेवर तो माझ्यापुढे हातभर होता.

पुढचे दोघे पुढेच राहिले होते. तो तिसरा, मी चौथा.

मी गवतावर उताणा पडलो होतो तेव्हा वडील आले. पॅन्ट अजून वर, काखेत पिशवी.

"कितवा आला?"

"चौथा."

"किती जणायतून?"

"चौदा."

"मंग बराच आला ना!"

मग मी त्यांना तिघांचा नियम सांगितला. घरी तो सांगितलाच नव्हता. ते माझ्याजवळ बसले आणि बराच वेळ बुटांच्या लेस सोडवत राहिले, माझ्या. ओल्या गाठी सुटत नव्हत्या.

"तो पोट्टा पडला," ते शेवटी म्हणाले, "तवा मले वाटलं, आता तुह्या पायाखाली येते."

"मी कडेनं जात होतो ना, बाबा."

"मले का मालूम. मले तं सगळे एकाच जागी उड्या मारताना दिसून राहिले होते."

एवढ्यात तेल्हाऱ्याचा मुलगा लंगडत आला. कानामागे झेंडूची पाकळी चिकटली होती. त्याने वडिलांच्या पायाला हात लावला. "काका, तुमी काढला ना नारळ? नाईतं माह्यं काई खरं नव्हतं."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि पिशवीतून नारळ काढला. ट्रॅकच्या कडेच्या दगडावर फोडला. मोठा तुकडा त्याला दिला. मला लहान. खोबरं वाईट निघेल अशी मला आशा होती. गोड होतं.

पुढच्या महिन्यात मी आवक-जावकला बसलो. टेबलाखाली पायांना खरोखरच काही काम नाही. सकाळी अजून पळतो, सवय म्हणून. पण भिजत नाही. वडील आता बाजूनं रस्ता नसते काय, असं विचारत नाहीत. मी त्याच रस्त्याला लागलोय, हे त्यांना दिसतं, आणि ते त्यांना वाटलं होतं तेवढं आवडलेलं नाही.

पुढच्या वर्षी अकोल्याहून खात्याकडे पत्र आलं. ते माझ्याच टेबलावर आलं आणि मीच त्यावर शिक्का मारला. स्पर्धेसाठी अनुभवी पंच पाठवावा, अशी विनंती होती. साहेबांनी नियम वाचला आणि मला पाठवलं. काम पाण्याच्या खड्ड्यावरचं. पिवळी टोपी मिळाली.

हारांचं काम पुन्हा आमच्या दुकानाला होतं. कार्यक्रमपत्रिकेत जलपूजन आता छापलेलं होतं, म्हणजे ती परंपरा झाली होती. सकाळी निघताना वडिलांनी नारळ माझ्या हातात दिला. शेंडीला हार ओवायचा बारीक पांढरा दोरा, चांगला चौपदरी वळून बांधला होता. दहा-बारा हात लांब.

"हे काय?"

"पाण्यात दिसत नाई," ते म्हणाले. "मी पाहून घेतलं बादलीत."

प्रमुख पाहुणे नवे होते, उशीर जुनाच होता. हळद-कुंकू झालं, झेंडू झाला. पाहुण्यांनी दोन्ही हातांनी नारळ सोडला आणि फोटोसाठी मान वर केली. मी अडसरामागे, टोपी सरळ करून, दोऱ्याचं दुसरं टोक मुठीत धरून उभा होतो. फोटो निघाला. टाळ्या पडल्या. पाहुणे मंचाकडे वळले.

मी हळूच ओढायला सुरुवात केली.