पागाच्या गोळ्या

लकव्याचा झटका येऊन गेल्यावर मी बाबांना गावाहून दुबईला आणलं, पण त्यांचा जीव इथे रमला नाही. गॅलरीतून खाली बघत म्हणायचे, "या उंचीवर कावळासुद्धा फिरकत नाही." त्यांना गावच्या खाडीवर परत जायचं होतं. एकट्याला पाठवायची मला भीती वाटायची. शेवटी ठरलं, त्यांनी सोबत आणलेला पाग गोल फेकून दाखवायचा. गोल पडला की मी तिकीट काढणार.

पाग म्हणजे फेकून पसरायचं जाळं. त्याच्या कडेला शिशाच्या गोळ्या ओवलेल्या असतात. काठाचा एक भाग दातांत, बाकीचा दोन्ही हातांत धरून गिरकी घ्यायची आणि सगळं एकाच क्षणी सोडायचं. रास अल खोरला मी सुपरवायझर असलेल्या गॅरेजमागे वाळू आहे. सुटीच्या दिवशी बाबा तिथे सराव करायचे. पाग दर वेळी एका अंगाला गोळा व्हायचा.

"गोळ्या सारख्या नाहीत," बाबा म्हणाले. "एक बाजू जड पडते."

विकतच्या गोळ्या त्यांना चालेनात. मग आम्ही चाकांच्या बॅलन्सिंगची जुनी वजनं वितळवून घरच्याच ओतल्या. त्यांत काही जस्ताची निघाली, ती वेचून टाकली. साचा थंड होता म्हणून गोळ्यांवर सुरकुत्या आल्या, तर साचा तापवून घेतला. आत पोकळी राहत असेल म्हणून एकेक तोलून पाहिली. पाग तरीही तिरकाच पडायचा. मी वैतागलो होतो. एकदा चेष्टेत म्हणालो, "बाबा, नाचता येईना अंगण वाकडं." ते हसले नाहीत.

सगळ्या गोळ्या नव्याने ओवून त्यांनी पुन्हा फेकला. पाग अर्धवटच उघडला. माझ्या मुलीने मोबाइलमधून मान वर केली.

"आजोबा, इट्स स्टिल नॉट अ सर्कल."

बाबांनी पाग गोळा करून माझ्या हातात दिला. "यल्ला, तू टाक." 'चल' म्हणायला इथे येऊन ते हा एवढाच अरबी शब्द शिकले होते.

मला टाकायचा नव्हता. लहानपणी त्यांनीच शिकवलेलं मी विसरलो असेन, अशी आशा होती. मुद्दाम वाकडा टाकावा असंही मनात आलं, पण त्यांच्या नजरेला फसवणं मला कधीच जमलेलं नाही. काठ दातांत धरला, गिरकी घेतली आणि सोडला. पाग हवेत पुरता उघडला आणि वाळूवर भाकरीसारखा गोल पडला.

बाबा उजवा पाय ओढत त्याच्याभोवती फिरले. एक गोळी अंगठ्याने दाबून पाहिली. मला रडू येत होतं.

"शिसं चांगलं आहे," ते म्हणाले. मग खाली बसून डाव्या हाताने पाग गुंडाळायला लागले.

"तिकीट नको काढूस."