टाकीवरच्या पांढऱ्या ट्यूब

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, मुलीपाशी नाही. आणि तुम्हाला सांगतोय ते मन हलकं व्हावं म्हणूनही नाही — संताप आलाय म्हणून सांगतोय. कुणाचा? थांबा जरा, येतो तिथवर.

नाशिक रोडला माझं दिव्यांचं दुकान आहे. ट्यूब, बल्ब, झुंबरं, सगळं. कुणाचं नवं घर झालं की नकाशा घेऊन आधी माझ्याकडे येतात. देवघरात कोणती लाईट, स्वयंपाकघरात कोणती — सुधीरभाऊंना विचारा! ऐकून ऐकून मलाही वाटायला लागलं होतं, की उजेडातलं कळणारा पंचक्रोशीत मी एकटाच.

त्या दिवसांत मी हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी बसवली. चांगली दिवाणाएवढी लांब. गोड्या पाण्याच्या टाक्या घरोघर असतात हो, त्यात काय मोठंसं? मला समुद्र हवा होता — नाशकात! मीठ कालवून पाणी केलं, नारिंगी पट्ट्यांचे मासे आणले, आणि जिवंत कोरल आणले. कोरल म्हणजे प्रवाळ. दिसायला दगड, पण जीव असतो त्यात, आणि तो जगतो उजेडावर. आमच्या नाशकातल्याच द्वारका चौकातल्या ज्या दुकानातून ते आणले, त्या दुकानदारानं बजावलं होतं, की वर निम्म्या ट्यूब निळ्या लावा, याच कामासाठी येतात त्या. नुसत्या घरच्या पांढऱ्या लावल्यात तर शेवाळ वाढेल, कोरल जगणार नाहीत.

मला! मला ट्यूब शिकवतो हा?

मी माझ्याच गोदामातल्या चार पांढऱ्या ट्यूब लावल्या. खरं सांगू? त्याची निळी ट्यूब मी एक संध्याकाळ लावून पाहिली होती. हॉल परमिट रूमसारखा दिसायला लागला, म्हणून परत करून आलो, वर त्यालाच चार शब्द ऐकवून आलो. आता पुन्हा त्याच्या दारात जाऊन ट्यूब मागायची? दिव्यांच्या दुकानदारानं?

थोड्याच दिवसांत कोरल फिके पडायला लागले. काचेवर तपकिरी बुळबुळीत थर धरायचा. मी तो रोज आंघोळीच्या आधी खरवडून टाकायचो, घरच्यांना दिसू नये म्हणून. म्हणजे मला माहीत होतं. हे नीट लक्षात ठेवा — पुढचं सगळं घडण्याच्या आधीपासून मला माहीत होतं.

आणि मग आत्या आली.

माझ्या वडिलांची धाकटी बहीण. येवल्याला शाळेत भूगोल शिकवायची, तेव्हा नुकतीच निवृत्त झालेली. बोलायला फटकळ, हसायला मोकळी. मला सख्खी बहीण नाही, त्यामुळे घरातल्या प्रत्येक कार्याला मान तिचाच. आमच्याकडे उतरली की सकाळी गंगेवर जायची — आम्हा नाशिककरांना गोदावरी म्हणजे गंगाच — आणि येताना तांब्याच्या गडूत पाणी आणायची. त्या दिवशी तिनं देवघरात पळीभर शिंपडलं आणि पळीभर माझ्या टाकीत सोडलं. मी समोर चहा पीत बसलो होतो. म्हणाली, "नदी शेवटी समुद्रालाच मिळते ना रे? मुलांना इतकी वर्षं हेच शिकवलं." मला हसू आलं. एवढ्या मोठ्या टाकीत पळीभर पाण्यानं काय होणार? काही नाही. मी तसं म्हणालोही.

दुसऱ्या दिवशी दुकानाचा वर्धापनदिन होता. धंद्यातली मंडळी, वायरमन, नातेवाईक — सगळे घरी जेवायला. टाकीभोवती ही गर्दी! आणि एक डीलर वाकून बघत म्हणाला, "सुधीरभाऊ, हे पांढरं का पडलंय हो? लाईट चुकली का?"

अगदी बरोबर प्रश्न. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी — अडखळलोसुद्धा नाही — म्हणालो, "लाईट कसली चुकतेय! आमच्या आत्यानं काल यात गंगेचं पाणी ओतलं. खाऱ्या पाण्यात नदीचं पाणी, मग मरणारच." एवढ्यावर थांबलो असतो तरी — पण नाही. वर अंधश्रद्धेवर भाषण दिलं. शिकलीसवरलेली माणसंसुद्धा कशी वागतात, वगैरे. आत्या तेव्हा मठ्ठ्याचे पेले घेऊन दारात उभी होती.

आणि माझा संताप होतो तो इथे. तिथे वीसेक माणसं होती, बहुतेक शिकलेली. एकालाही वाटू नये, की पळीभर पाण्यानं एवढी टाकी नासते कशी? एकानं विचारू नये? बाई, देव आणि गडू म्हटलं की सगळं लगेच पटतं आम्हाला! मान डोलावून मोकळे झाले. त्यांच्यावर मी आजही चिडतो. पण ती थाप त्यांना वाढली कुणी? मीच ना?

आत्या वाद घालेल असं मला वाटलं होतं. तिनं पेले ठेवले आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "चुकलं रे माझं." दुसऱ्याच दिवशी सकाळच्या एसटीनं येवल्याला गेली.

मग मी काय केलं असेल? द्वारकेला गेलो, तोंड पाडून निळ्या ट्यूब आणल्या. दोनतीन महिन्यांत उरलेल्या कोरलना रंग चढला. विचारेल त्याला सांगितलं, पाणी बदललं बघा, म्हणून सुधारलं. तिच्या माथ्यावर असा पक्का शिक्का मारून दिला मी!

पुढच्या वर्षी मला मुलगी झाली. बारशाला बाळाच्या कानात नाव आत्यानं सांगायचं, आणि आमच्याकडे आत्या ती एकच. पाळण्यापाशी सगळ्या बायका खोळंबल्या होत्या. ती पुढे येईना. मी न्यायला गेलो तर हळूच म्हणाली, "दुसरं कुणी बघ बाबा. माझ्या हाताला यश नाही. एवढंसं लेकरू आहे, उगाच कशाला?"

तेव्हा सांगायचं होतं ना! चार शब्दांचं काम. ट्यूब मी चुकीच्या लावल्या होत्या — संपलं. मी वळून पाळण्याभोवतीच्या बायकांत दुसरं कुणी शोधायला लागलो. समोर तोच डीलर बसला होता. नाव शेजारच्या काकूंनी सांगितलं, आणि आत्या लांब भिंतीपाशी उभी राहून टाळ्या वाजवत होती.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. तेराव्याच्या जेवणाला येवल्याला गेलो. मी बुंदीचे लाडू वाढत होतो. पंगतीत माझा चुलतभाऊ रंगात आला आणि सांगायला लागला, "लय भोळी होती आपली आत्या! सुधीरच्या टाकीतल्या समुद्राला गंगा पाजली, अन् समुद्रच मेला ना भाऊ!" पंगत हसली. तिच्याच घरात, तिच्याच तेराव्याला, निर्लज्जासारखी हसली.  हातातलं ताट फेकून मारावं असं वाटलं.

"हो ना," मी म्हणालो, आणि त्यांच्यापेक्षा मोठ्यानं हसलो. मग त्याच्या पानात एक लाडू जास्त वाढला.